गुरुजींची चोपडी

इरेनियस हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी, एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाच्या तोंडून. इरेनियस दुसऱ्या शतकातला, फ्रान्समधल्या लियों शहराचा बिशप. आमचे गुरुजी धोतर-टोपीतले, मिशन शाळेत चौथीपर्यंतच्या पोरांना पाढे आणि शुद्धलेखन शिकवण्यात हयात गेलेले. या दोघांमुळे मी बायबलचं शेवटचं पुस्तक आज न घाबरता उघडते आणि दुसऱ्यांनाही उघडून दाखवते. गुरुजींचं हे देणं फिटणारं नाही. निदान ते काय आहे हे नीट मांडावं, म्हणून लिहायला बसले आहे.

'प्रकटीकरण' हे ते शेवटचं पुस्तक. पात्म नावाच्या लहानशा बेटावर योहानाला झालेलं दर्शन त्याने आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या, सात मंडळ्यांना लिहून कळवलं. त्यात समुद्रातून वर येणारं सात डोक्यांचं श्वापद आहे, त्याची संख्या ६६६, आणि त्याचा शिक्का लोकांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर बसतो. गोणताट नेसून १२६० दिवस संदेश देणारे दोन साक्षी आहेत. पांढऱ्या घोड्यावरचा धनुर्धारी आहे, सूर्य पांघरलेली स्त्री आहे, जांभळ्या-किरमिजी वस्त्रांतली बाबेल आहे, शेवटी गोग आणि मागोग आहेत. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आणखी दोघे भेटतात : एक अनीतिमान पुरुष, आणि त्याला आवरून धरणारा कोणीतरी. यांतल्या बहुतेकांची ओळख सरळ सांगितलेली नाही. त्यामुळे 'हा कोण?' हा प्रश्न जवळजवळ १९०० वर्षं विचारला जातो आहे, आणि दर पिढीला त्याचं नवं उत्तर सापडतं.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडी. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केलं, त्या कामातून पुढे उभ्या राहिलेल्या मंडळ्यांपैकी आमची एक. भेटलं की 'सलाम' म्हणायचं, उपासनेला 'उपासना संगीत' काखेत घेऊन जायचं, आणि दुपारी शब्बाथ शाळा. ती गुरुजी घेत. मिशनरी कुटुंबं मायदेशी परतली तेव्हा त्यांच्या कपाटांतली पुस्तकं कोणाकोणाला वाटली गेली. गुरुजींच्या वाट्याला आला आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांचा इंग्रजी भाषांतरातला एक जाड खंड. पुठ्ठा सुटलेला, अक्षर बारीक, एका पानात दोन रकाने. गुरुजींचं इंग्रजी जेमतेम फायनलपुरतं. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी तो खंड वर्षानुवर्षं वाचला. त्यातच त्यांना इरेनियस भेटला.

वाचलेलं ते एका चोपडीत उतरवत. दिवाळीत वाणी घेतात तसली, लाल कापडाच्या बांधणीची, लांबट. डाव्या पानावर शाईने, पुस्तकात काय लिहिलं आहे तेवढंच : कोणता अध्याय, कोणतं वचन, त्या आकृतीचं वर्णन, ती काय करते. उजव्या पानावर पेन्सिलीने, लोकांनी ती कोण म्हणून सांगितली. शाई आणि पेन्सिल यांची अदलाबदल त्या चोपडीत कुठेही नाही. मी ती पानापानाने तपासली आहे.

मी नववीत होते तेव्हा, १९८७ साली, गावाबाहेरच्या मोकळ्या रानात मंडप घालून उज्जीवन सभा झाल्या. बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी तिसऱ्या रात्री वर्तमानपत्राचं कात्रण उंच धरलं. सोव्हिएत रशियाचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह. कपाळावरचा तो लालसर डाग. उपदेशक म्हणाले, कपाळावरची खूण ज्याने वाचली त्याला आता काही सांगायची गरज नाही. हाच तो, आणि गोग म्हणजे रशिया, दिवस भरत आले. बाया रडायला लागल्या. माझ्या आईने मला जवळ ओढलं. त्यानंतर कितीतरी रात्री मला झोप नव्हती. डोळा लागला की समुद्र दिसायचा, आणि आमच्या गावात तर समुद्र कोणी पाहिलेलाही नव्हता.

आईनेच मला गुरुजींकडे नेलं. "सलाम गुरुजी. पोर झोपत नाही." गुरुजींनी मला समोर बसवलं आणि कशाची भीती वाटते ते विचारलंच नाही. चोपडी उघडून पेन्सिल माझ्या हातात दिली. "लिही. गोर्बाचेव्ह. साल घाल." मी लिहिलं. मी लिहिलेल्या नावाच्या वर त्याच पानावर मोठी रांग होती. रोमचे पोप होते : मार्टिन ल्यूथरने आणि त्याच्या मागोमाग प्रॉटेस्टंट मंडळींनी पिढ्यान्पिढ्या त्यांनाच ख्रिस्तविरोधी, म्हणजे शेवटी येणारा फसवणारा, मानलं. नेपोलियन होता : टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'त पिएर अक्षरांचे आकडे मांडून त्याचे ६६६ जुळवतो, आणि मग ओढूनताणून स्वतःच्या नावाचेही जुळवतो. तेराव्या शतकातला सम्राट दुसरा फ्रेडरिक होता, मुसोलिनी होता, हिटलर होता.

"आता खाली लिही, रोनाल्ड विल्सन रेगन." ते इंग्रजी स्पेलिंग गुरुजींनी मला मोजायला लावलं. तिन्ही शब्दांत सहा-सहा अक्षरं. हे अमेरिकेतल्या लोकांनीच आपल्या तेव्हाच्या अध्यक्षाबद्दल काढलेलं होतं. कोणत्याशा पत्रकातून ते गुरुजींपर्यंत आलं होतं. डिसेंबर महिन्यात एका सकाळी त्यांनी मला हाक मारून वर्तमानपत्र पुढे केलं. ८ डिसेंबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये गोर्बाचेव्ह आणि रेगन शेजारी बसून करारावर सह्या करत होते. पाचशे ते साडेपाच हजार किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरची क्षेपणास्त्रं दोघांनीही मोडून टाकायची, असा तो करार. १९९१ पर्यंत अशी २६९२ क्षेपणास्त्रं खरोखर नष्ट झाली. ज्या दोघांना त्याच वर्षांत वेगवेगळ्या मंडपांतून श्वापद म्हटलं गेलं, ते दोघं एका टेबलाशी बसून शस्त्रं कमी करत होते. गुरुजींनी त्यावर काही टिपणी केली नाही. कात्रण कापून उजव्या पानाला खळ लावून चिकटवलं. मला त्या रात्री झोप लागली.

त्यानंतर मी रविवारची दुपार कधी चुकवली नाही. गुरुजींची शिकवण्याची रीत साधी होती : पत्र कोणाला लिहिलं आहे ते आधी विचारायचं. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया ही सात गावं ते मुलांकडून नकाशावर बोटाने फिरवून घेत. ज्या माणसांना हे पत्र उपासनेत मोठ्याने वाचून दाखवलं गेलं, त्यांना त्यातलं निम्मं तरी कळलं असलंच पाहिजे. नाहीतर योहानाने ते पाठवलंच नसतं. आणि मग, पुस्तक स्वतः जिथे आपलं कोडं सोडवतं, तिथे दुसरीकडे जायचं नाही. पहिल्याच अध्यायात सात समया म्हणजे सात मंडळ्या, असं स्वच्छ सांगितलं आहे. अजगर म्हणजे सैतान, हे बाराव्या अध्यायात आहे. सतराव्यात देवदूत म्हणतो की सात डोकी म्हणजे सात डोंगर, आणि सात डोंगरांवरचं शहर म्हटल्यावर त्या काळच्या पोरासोरांनाही रोमच कळलं असणार.

६६६ चं कोडं त्यांनी ज्या दिवशी फळ्यावर मांडलं, तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. ट्रेनिंग कॉलेजात असताना त्यांच्या खोलीत अलिबागकडचे एक बेने इस्राएली यहुदी सोबती होते, पुढे ते इस्राएलला गेले. त्यांनी गुरुजींना हिब्रू अक्षरं शिकवली होती. हिब्रूत आणि ग्रीकमध्ये अंकांना वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरंच अंक म्हणून चालत. त्यामुळे कोणत्याही नावाची बेरीज करता येई. आपल्याकडे ज्योतिषाच्या ग्रंथांत कटपयादी पद्धतीने अक्षरांतून संख्या सांगत, त्यामुळे गुरुजींना यात नवल वाटलं नाही. पॉम्पेईच्या एका भिंतीवर तर कोणा प्रेमिकाने आपल्या प्रियेचं नाव न लिहिता तिची संख्या ५४५ आहे एवढंच खरडून ठेवलेलं सापडलं आहे. गुरुजींनी फळ्यावर उजवीकडून डावीकडे अक्षरं काढली. नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५० : हा झाला नेरोन. कोफ १००, सामेख ६०, रेश २०० : हा कैसर. बेरीज आम्ही मुलांनी केली. ६६६.

मग त्यांनी पहिल्या शब्दातला शेवटचा नून ओल्या फडक्याने पुसला. लॅटिन बोलणारे लोक त्याला नेरोन म्हणत नसत, नीरो म्हणत. पन्नास वजा झाले, उरले ६१६. आणि प्रकटीकरणाच्या काही जुन्या हस्तलिखितांत संख्या खरोखर ६१६ अशीच आहे. इरेनियसलाही ती माहीत होती. नकलकारांची चूक म्हणून त्याने ती बाजूला सारली. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यात सापडलेल्या प्रकटीकरणाच्या पपायरसाचा एक तुकडा १९९९ साली प्रसिद्ध झाला, त्यातही ६१६ आहे. ती बातमी मी गुरुजींना नेऊन दिली तेव्हा ते लहान मुलासारखे हरखले.

तर श्वापद म्हणजे रोमचा सम्राट नीरो? बरेच अभ्यासक आज तसंच मानतात. ख्रिस्ती लोकांना त्याने रोममध्ये कसं जाळलं ते रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलं आहे, आणि इ. स. ६८ मध्ये त्याने स्वतःला संपवल्यावरही तो परत येणार अशी आवई पूर्वेकडे उठत राहिली, तोतये नीरोही निघाले. श्वापदाचं एक डोकं मरणाचा घाव लागून पुन्हा बरं झालं, हे वर्णन त्याला चपखल बसतं. इतकं सगळं जुळत असूनही गुरुजींनी उजव्या पानावर लिहिलं ते पेन्सिलीनेच. पुढे एकच शब्द : 'शक्य'.

या सावधपणाचं मूळ इरेनियसमध्ये होतं. तो मूळचा स्मुर्ण्याकडचा. लहानपणी त्याने तिथल्या बिशप पॉलिकार्पला ऐकलं होतं, आणि पॉलिकार्पने योहानाला पाहिलं होतं असं इरेनियस स्वतः सांगतो. म्हणजे त्या दर्शनापासून तो फक्त दोन माणसं लांब. उत्तर सांगण्याचा अधिकार कोणाला असेल तर त्याला होता. सुमारे १८० साली, पाखंडी मतांविरुद्ध लिहिलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या पाचव्या भागात, त्याने ६६६ बेरजेची तीन ग्रीक नावं दिली आहेत : एवांथास, लातेइनोस आणि तेइतान. तेइतान त्याला त्यातल्या त्यात पटतं. तरीही तो निर्णय देत नाही. त्याचं म्हणणं असं, की हे नाव आताच उघड व्हायला हवं असतं तर ज्याने दर्शन पाहिलं त्यानेच ते सांगितलं असतं. आणि तेही फार पूर्वी घडलेलं नाही, सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, जवळजवळ आपल्याच काळात. पुढे तो धोकाही सांगतो : ज्याने एक नाव मनाशी पक्कं केलं, तो दुसऱ्या नावाने आलेल्या खऱ्या फसवणाऱ्याला ओळखणार नाही.

हा उतारा गुरुजींना जवळपास पाठ होता. ते म्हणायचे, "योहानाच्या शिष्याचा शिष्य जिथं थांबला, तिथं आपण धावू नये, बाळ."

पण त्यांची श्रद्धा आंधळी नव्हती, आणि याचंच मला सर्वांत मोल वाटतं. त्याच इरेनियसने, त्याच प्रकरणात, ख्रिस्तविरोधी दान वंशातून येईल असंही म्हटलं आहे, आणि प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायातल्या बारा वंशांच्या यादीत दानाचं नाव नाही ते त्यामुळेच. व्यक्तीचं नाव सांगायला तो धजला नाही, मात्र जमात सांगून बसला. हिप्पोलितस या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने ते उचललं. दहाव्या शतकात आद्सो नावाच्या फ्रेंच मठवासी लेखकाने राणी गर्बर्गासाठी ख्रिस्तविरोध्याचं चरित्रच लिहून काढलं, त्यातही तो यहुदी घरात जन्मणार. ते चरित्र युरोपभर वाचलं गेलं. यहुदी शेजाऱ्यांविषयी आधीच असलेल्या द्वेषाला या लेखनाने धर्माचा आधार दिला, आणि त्यातून पुढे काय काय झालं ते जगाला ठाऊक आहे. गुरुजींच्या चोपडीत या नोंदीच्या खाली आडवी रेघ आहे आणि तिच्याखाली त्या अलिबागच्या सोबत्याचं नाव. दुसरं काही लिहिलेलं नाही. ज्या माणसाने आपल्याला अक्षरं दिली, त्याच्या लोकांवर हा आरोप शतकानुशतकं राहिला, हे त्यांना सोसवत नसे. तो विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा.

गोगचं उजवं पान सगळ्यात भरलेलं. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज म्हणाला, गोग म्हणजे गॉथ लोक. तेव्हा ते रोमच्या सीमेवर होते. ल्यूथरच्या काळी तुर्क व्हिएन्नाच्या वेशीवर होते, म्हणून गोग तुर्क झाला. १९०९ साली अमेरिकेत निघालेल्या स्कोफील्डच्या सटीप बायबलने तो मान रशियाला दिला, आणि आमच्या गावच्या मंडपापर्यंत पोचला तो तिथूनच. ज्याच्या त्याच्या दाराशी जो शत्रू उभा, तो गोग. विसाव्या अध्यायात मात्र गोग-मागोग पृथ्वीच्या चारही कोपऱ्यांवरची राष्ट्रं आहेत. डाव्या पानावर गुरुजींनी 'चारही' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

पौलाच्या पत्रातल्या आवरून धरणाऱ्याबद्दल तर्तुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाचं मत होतं की ते रोमचं साम्राज्यच. ते आहे तोवर अंत लांबतो, म्हणून ख्रिस्ती लोक साम्राज्य टिकावं अशी प्रार्थना करतात, असं त्याने रोमच्या अधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलं. ऑगस्टीनसारखा प्रचंड बुद्धीचा माणूस 'देवाचं नगर' या ग्रंथाच्या विसाव्या भागात त्याच ओळींशी येतो आणि मोकळेपणी कबूल करतो, की पौलाला काय म्हणायचं आहे ते मला कळत नाही. थेस्सलनीकाकरांना पौलाने ते तोंडी सांगितलं होतं, आपण तिथे नव्हतो. ऑगस्टीनची ही कबुली मला गुरुजींनी वाचून दाखवली तेव्हा मी कॉलेजात होते. इतक्या मोठ्या माणसाने 'कळत नाही' असं लिहून ठेवावं, याने मला अभ्यासाचं जे धैर्य दिलं ते पुढच्या कोणत्याही पदवीने दिलं नाही.

दोन साक्षींचं पान त्यांचं लाडकं. आरंभीच्या लेखकांना वाटे की ते हनोख आणि एलीया, कारण दोघेही न मरता वर घेतले गेले आणि मरण प्रत्येकाला एकदा आहेच. त्यांतल्याच व्हिक्टोरिनसने एलीयाच्या जोडीला यिर्मया बसवला. आकाश बंद करणं आणि पाण्याचं रक्त करणं ही कृत्यं पाहून पुष्कळांनी एलीया आणि मोशे म्हटलं. १६५२ साली लंडनमध्ये जॉन रीव्ह आणि लोडोविक मगल्टन या चुलतभावांनी, व्यवसायाने दोघेही शिंपी, ते साक्षी आम्हीच असं जाहीर केलं. त्यांचा पंथ विसाव्या शतकापर्यंत टिकला आणि त्याचा शेवटचा ज्ञात अनुयायी १९७९ मध्ये वारला. ही शेवटची नोंद माझ्या हातची आहे.

गुरुजींचा स्वतःचा विचार वेगळा होता. साक्षींना तिथे दोन समया म्हटलं आहे. समया म्हणजे मंडळ्या, हे पहिल्या अध्यायात ठरलेलं. दोन का, तर नियमशास्त्राप्रमाणे साक्ष दोघांची लागते. आणि सात मंडळ्यांपैकी ज्यांना एकही दोष दिलेला नाही अशा दोनच आहेत, स्मुर्णा आणि फिलदेल्फिया. एक गरीब, दुसरी थोड्या शक्तीची, दोन्ही छळलेल्या. हे मला समजावताना त्यांचे डोळे चमकायचे. माझ्याही मते आजवर ऐकलेल्या उत्तरांत हेच पुस्तकाच्या पोटातून आलेलं आहे. तरी लिहिलं पेन्सिलीने.

एकदा मी हट्टाने विचारलं, "गुरुजी, मग या पुस्तकात खरंखुरं, शाईने लिहिण्यासारखं नाव आहे तरी कोणाचं?" त्यांनी दुसरा अध्याय उघडायला लावला. पर्गम. तिथे रोमा देवी आणि ऑगस्टस यांचं देऊळ इ. स. पूर्व २९ पासून उभं होतं. सम्राटाला नमन करण्याची ती प्रांतातली मोठी जागा. योहान त्या गावाला सैतानाचं आसन म्हणतो. आणि तिथे एका माणसाचं नाव आहे : अंतिपा. विश्वासू साक्षी. तो मारला गेला. "सगळे बेनावांच्या मागं लागलेत," गुरुजी म्हणाले, "आणि योहानाने ज्याचं नाव लिहून ठेवलं, त्याची कोणी चौकशी करत नाही." अंतिपाचं पान चोपडीत आहे. डावीकडे शाईच्या तीन ओळी.

गुरुजींच्या शिकवण्याची खरी कसोटी पुढे आधार कार्डाच्या वेळी लागली. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात सप्टेंबर २०१० मध्ये पहिली आधार कार्डं वाटली गेली, आणि लवकरच आमच्याकडेही नोंदणी आली. माझी मावशी विधवा, निराधार योजनेच्या पैशांवर आणि रेशनच्या धान्यावर जगणारी. तिला कोणीतरी भरवून दिलं की हाच तो शिक्का, उजव्या हातावरचा. मिझोराममध्येही काही ख्रिस्ती लोकांनी याच भीतीने आधार नाकारल्याच्या बातम्या पुढे आल्या. मावशीने ठाम सांगितलं, मेले तरी अंगठा देणार नाही.

गुरुजी तेव्हा पुष्कळ थकले होते. काठी टेकत तिच्या ओट्यावर येऊन बसले. मी शेजारी होते.

"उजव्या हाताचाच अंगठा घेतात म्हणं, गुरुजी."

"दहाही बोटांचे ठसे घेतात, बाई. डोळ्याचाही फोटो घेतात. पण मला सांग, तेराव्या अध्यायात शिक्का कोणाला बसतो?"

"सगळ्यांना. लहानमोठ्या, गरीबश्रीमंत."

"त्याच्या आधी वाच."

मावशीने चष्मा लावून वाचलं. आधी श्वापदाची मूर्ती आहे, आधी तिला नमन आहे. शिक्का त्यामागून येतो. गुरुजींनी विचारलं, तहसीलच्या माणसाने तुला कोणाच्या पाया पडायला सांगितलं का? प्रभूला नाकार म्हणाला का? मावशी गप्प. मग त्यांनी तिला सातवा आणि चौदावा अध्याय काढायला लावला. तिथे देवाच्या दासांच्याही कपाळावर शिक्का आहे, कोकऱ्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव आहे. "तो शिक्का तुझ्या कपाळावर आहे असं मानतेस ना? आरशात दिसतो?" मावशीने नकारार्थी मान हलवली. "मग हाच तेवढा मशिनीत दिसेल, असं का म्हणावं?"

ती लगेच उठून गेली नाही. दोनदा गुरुजी पुन्हा आले, त्याच ओट्यावर बसले, तीच वचनं पुन्हा वाचली. तिला मूर्ख ठरवणारा एक शब्दही त्यांच्या तोंडून आला नाही. तिचा विश्वास खरा आहे आणि म्हणूनच तिची भीती खरी आहे, हे ते जाणून होते. शेवटी मावशीने अंगठा दिला. केंद्रावर जाताना गुरुजींना बरोबर घेऊन गेली.

परतताना मी त्यांना म्हटलं, लोक अशी नावं ठेवतात ते अज्ञानाने. ते थांबले. म्हणाले, "अज्ञानाचं मला काही वाटत नाही, ते माझ्यातही आहे. पण जित्या माणसाला श्वापद म्हटलं की त्याच्यासाठी प्रार्थना करणं सुटतं. राजांसाठी प्रार्थना करा असं लिहिलंय. मग ती कोण करणार?" त्या दिवशी मला कळलं की चोपडीत गोर्बाचेव्ह आणि रेगन यांच्या नावांपुढे बारीक फुल्या का होत्या. ज्या ज्या जिवंत माणसाचं नाव उजव्या पानावर चढलं, त्याच्यासाठी गुरुजी प्रार्थना करत आणि फुली मारत.

गुरुजी गेले ते भर पावसाळ्यात. आपल्या अंत्यविधीला पर्गमच्या मंडळीला लिहिलेलं पत्र वाचावं, असं त्यांनी मुलाला सांगून ठेवलं होतं. पाळकसाहेबांना ते वेगळं वाटलं, कारण त्या पत्रात बोलणीही आहेत. पण त्यांनी वाचलं. कबरस्थानातून बाहेर पडताना मावशीने मला विचारलं, "हा अंतिपा कोण गं?" मला माहीत होतं तेवढं सगळं मी तिला सांगितलं. ते थोडंच होतं. तिने नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं.

चोपडी त्यांच्या मुलाने मला दिली. करोनाची लस हाच तो शिक्का अशी भीती पसरली तेव्हा, २०२१ मध्ये, ती घेऊन मी पुण्यातल्या आमच्या मंडळीतल्या काही घरांत गेले आणि गुरुजींसारखीच तेरावा अध्याय मागे नेऊन वाचत बसले. कुठे ऐकलं गेलं, कुठे नाही. गोगचं पान भरल्यामुळे त्याला जोडपान लावलं आहे. गेल्या रविवारी वर्गातल्या एका मुलाने मोबाइलवर पाहिलेली चार नावं आणली, चौघेही आज राज्य करत असलेले. मी त्यालाच पेन्सिल दिली. त्याने चारही लिहिली, साल घातलं, आणि फुल्या कशाच्या ते विचारलं. ते सांगितल्यावर आम्ही चौघांसाठी प्रार्थना केली आणि दुसरा अध्याय वाचायला घेतला.